वाक्यात ‘अनटिल’ नेमकं कसं वापरायचं?

‘अनटिल’ कुठे वापरायचं आणि ‘बाय’ कुठे, असं तुम्ही विचारलंय. गोंधळ होतो तो आपल्या ‘पर्यंत’मुळे. ‘दुकान नऊपर्यंत उघडं असतं’ आणि ‘नऊपर्यंत घरी ये’, मराठीत दोन्हीकडे तेच चालतं. इंग्रजीत पहिल्याला अनटिल लागतं, दुसऱ्याला बाय. एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर अनटिल: ‘द शॉप इज ओपन अनटिल नाइन.’ काम त्या वेळेआधी कधीतरी एकदा उरकायचं असेल तर बाय: ‘कम होम बाय नाइन.’

शंका आली की ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘नऊच्या आत घरी ये’ बरोबर बसतं, म्हणून बाय. ‘दुकान नऊच्या आत उघडं असतं’ हे कानालाच खटकतं, म्हणून अनटिल. ऑफिसच्या मेलमध्ये हे जरूर तपासा. ‘सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहा!

पण माझ्या मते सगळ्यात चिवट चूक वेगळीच आहे, आणि ती चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही होते. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ मनात असतं आणि तोंडातून निघतं ‘वेट अनटिल आय डोन्ट कम’. हा ‘डोन्ट’ नको. मनातलं वाक्य आधी ‘मी येईपर्यंत थांब’ असं फिरवून घ्या, ‘नाही’ आपोआप गळतो: ‘वेट अनटिल आय कम.’ इथे ‘विल’ही घालायचं नाही. ते मुख्य वाक्यात येतं: ‘आय विल वेट अनटिल ही कम्स.’

नकार मुख्य क्रियापदाला मात्र लागू शकतो. ‘ही डिडन्ट कम अनटिल टेन’ याचा अर्थ तो आलाच नाही असा नाही. तो आला, पण दहा वाजल्यावर.

अंतरासाठी अनटिल किंवा टिल नको. ‘आय वॉक्ड टिल द स्टेशन’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, प्रमाण इंग्रजीत तिथे ‘टू’ किंवा ‘ॲज फार ॲज’ येतं. ‘गो स्ट्रेट अनटिल यू रीच द सिग्नल’ मात्र बरोबर, कारण तिथे पुढे क्रियापद आहे.

टिल आणि अनटिलचा अर्थ एकच, टिल जरा बोलण्यातलं. स्पेलिंगमध्ये टिलला शेवटी दोन एल, अनटिलला एकच.