विली लोमन करताना रडायची घाई नको
पहिल्यांदाच विली करतोयस ना, मग एक ऐक, एंट्रीपासूनच रडका सूर लावू नकोस. आर्थर मिलरच्या १९४९ च्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' नाटकातला हा ६३ वर्षांचा माणूस सॅम्पलच्या दोन जड बॅगा घेऊन घरात शिरतो, तू तालमीत खरोखर भरलेल्या बॅगा घे, खांदे आपोआप पडतात. जास्तीत जास्त वेळ हॉवर्डच्या ऑफिसातल्या सीनला दे. आठवड्याला ६५ डॉलर पगार मागतो, मग ५० वर येतो, मग ४०, आणि समोर पोरगेला मालक, ज्याच्या बापाच्या काळापासून हा इथे झिजलाय, तर प्रत्येक आकड्याला आवाज हसराच ठेव, सेल्समन आहे तो, गिऱ्हाइकासमोर पडेल चेहरा त्याला जमतच नाही. बायको लिंडा स्टॉकिंग शिवताना दिसली की मात्र भडकायचं, कारण नवे स्टॉकिंग त्याने दुसऱ्याच बाईला दिलेत. तो क्षण मला अजून छळतो.