१९९३ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांच्या १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत अमेरिकेची गेल डेव्हर्स आणि जमैकाची मर्लिन ऑटी दोघींची वेळ १०.८२ सेकंद होती, मग सुवर्ण एकट्या डेव्हर्सलाच का?

कारण क्रम छापील वेळेवरून नाही, फोटो फिनिशवरून, म्हणजे शेवटच्या रेषेवर कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावरून ठरतो. धड रेषेपर्यंत आधी कोणाचं पोचलं एवढंच पंच पाहतात; डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. स्टुटगार्टला झालेल्या त्या १९९३ च्या शर्यतीत डेव्हर्स किंचित पुढे होती. वेळ मात्र सेकंदाच्या पुढच्या शतांशावर (शंभराव्या भागावर) नेऊन जाहीर होते, म्हणून आकडे सारखे दिसले. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्येही हेच झालं, दोघी १०.९४, सुवर्ण पुन्हा डेव्हर्सला; ऑटीसाठी फार वाईट वाटतं. फोटोतही फरक दिसला नाही तर मात्र पदक विभागून देतात: २००८ ला बीजिंगमध्ये शेरोन सिम्पसन आणि केरॉन स्टुअर्ट दोघींना रौप्य मिळालं, कांस्य कोणालाच नाही.