काचबिंदू बाबांचा, करिअर मुलीचं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आईची नजर काचबिंदूने गेली, पंचेचाळिशीत तुम्हालाही तोच निघाला, आणि आता बारावीतल्या मुलीने जेनेटिक्समध्ये जाऊन 'आपल्या घराण्यातला काचबिंदूचा जीन शोधून काढावा' असं तुमचं म्हणणं. तिला मॅथ्समध्ये ९४ आणि बायोलॉजीत ६२, तर ते ६२ कसे वाढवायचे, हा प्रश्न.

मार्कांचं सोडा हो. मला खटकलं ते तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य, "रात्रीचे ड्रॉप्स मी विसरतो, सातवीपासून तीच आठवणीने घालते." म्हणजे बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ही पोरगी रोज रात्री तुमची पापणी खाली ओढून थेंब टाकतेय, आणि एखाद्या दिवशी विसरले तर बाबांची नजर माझ्यामुळे जाईल, ही धाकधूक घेऊन झोपत असणार. आता करिअरही तुमच्याच डोळ्यासाठी निवडायचं का तिने? अख्ख्या पत्रात "आम्ही ठरवलंय" चारदा आलंय, तिचं मत मात्र एका ओळीत उरकलंत, "कोडिंगचं वेड आहे पण उतरेल." का उतरावं?

आता तो 'एक जीन' डोक्यातून काढा. असे जीन आहेत, नाही असं नाही, मायोसिलिन १९९७ मध्येच सापडला, पण नेहमीच्या ओपन अँगल काचबिंदूत तो जेमतेम दोन-चार टक्के पेशंटमध्ये दोषी निघतो. बाकीच्यांचं काय? तिथे डीएनएतल्या शेकडो ठिकाणचे बारीकसारीक फरक, एकेकट्याने काही बिघडत नाही पण सगळे मिळून जोखीम वाढते. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ३४ हजारांवर पेशंट आणि साडेतीन लाखांच्या आसपास काचबिंदू नसलेली माणसं यांचा जेनेटिक डेटा ताडून पाहिला, तेव्हा अशा १२७ जागा हाती लागल्या. त्यांची गोळाबेरीज करून जो रिस्क स्कोअर काढतात तो एवढंच सांगतो की कोणाचे डोळे लवकर आणि वारंवार तपासावेत, नजर जाणार की नाही हे नाही सांगत. शिवाय असा डेटा बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचा, त्यामुळे बाकीच्यांना तो स्कोअर तितका नीट लागू पडत नाही.

आणि हे काम करतं कोण, तर बरंचसं स्टॅटिस्टिक्सवाले आणि प्रोग्रामिंगवाले. मेडिकल, बायोटेक, बायोइन्फर्मेटिक्स (म्हणजे बायोलॉजीचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं), हे रस्ते तुम्ही शोधलेच असतील, तिचे ९४ कुठल्याही डेटाच्या कामात चालतील. पण म्हणून लगेच "बघ, कोडिंग करूनही काचबिंदूच" असं तिला ऐकवायला जाऊ नका! तिला गेम बनवायचे असतील तर गेम बनवू दे.

तुमच्या वाटणीचं काम वेगळंच आहे. तुम्हाला सख्खी भावंडं असतील तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, मुलीलाही एकदा न्या, सख्ख्या नात्यात जोखीम जास्त असते. नुसतं डोळ्यातलं प्रेशर मोजून परत येऊ नका, प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, डोळ्याची नस तपासून घ्या. रात्रीच्या ड्रॉप्सचा अलार्म स्वतःच्या मोबाईलवर लावा आणि थेंब स्वतः टाकायला शिका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, पाठवायच्या आधी वाचायला मागू नका.