झडतीपूर्वी पोलिसांनी हक्क सांगितला नाही, तर गांजाच्या गुन्ह्यातून सुटका होते का?

सोलापूरच्या एसटी स्टँडबाहेर आपल्या धाकट्या भावाच्या खिशात चारशे ग्रॅम आणि पाठीवरच्या सॅकमध्ये आठशे ग्रॅम गांजा सापडल्याचे पोलीस म्हणतात, आणि झडतीपूर्वी त्याला कोणताही हक्क सांगितला गेला नाही, एवढ्यावर तो सुटेल का, असे आपण विचारले आहे. मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवतो. कागद न पाहता निकालाचे भाकीत करणे योग्य नाही, परंतु खिसा आणि सॅक यांचा विचार आपल्याला वेगवेगळा करावा लागेल.

एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) याच्या कलम ५० नुसार, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती देण्याचा हक्क आहे, हे संशयिताला आधी सांगावेच लागते. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जडेजा (२०१०) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी हे बंधनकारक ठरवले असून, हक्क न सांगता अंगावरून काढलेला माल आरोपीच्या ताब्यात होता याचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. मात्र पवन कुमार प्रकरणात (२००५) न्यायालयाने हे कलम शरीराच्या झडतीपुरतेच असल्याचे सांगितले; पिशवी, सॅक किंवा वाहन त्यात येत नाही. म्हणजे खिशातला माल बाद झाला तरी सॅकमधला उरतो.

तरीही हा मुद्दा सोडू नका. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत धरले जाते आणि त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे. त्यापुढे, वीस किलोच्या आत, ती दहा वर्षांपर्यंत जाते. एकत्रित बाराशे ग्रॅम आणि एकटे आठशे ग्रॅम यांत एवढे अंतर आहे. म्हणून पंचनाम्यात दोन्ही पुड्यांचे वजन वेगवेगळे केले आहे की माल एकत्र करून एकच आकडा लिहिला आहे, हे सर्वप्रथम पाहा. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसलेली पाने व बिया कायद्याच्या व्याख्येत गांजा ठरत नाहीत, हेही वकिलांना सांगा.

आपण म्हणता हक्क सांगितला नाही, पण दोषारोपपत्रात त्याची नोटीस बहुधा निघेल आणि खाली 'गरज नाही, आपणच झडती घ्या' असे लिहून भावाची सही असेल. त्या कागदाचे बारकाईने निरीक्षण करा. माझ्याकडच्या एका खटल्यात झडतीपूर्वी दिल्याचे सांगितलेल्या नोटिशीच्या डोक्यावर, त्याच शाईत आणि त्याच हस्ताक्षरात, गुन्हा रजिस्टर क्रमांक होता. तो तर गुन्हा दाखल झाल्यावरच पडतो. पंचाच्या उलटतपासणीत मी तोच कागद त्याच्या हातात दिला आणि सगळ्या सह्या ठाण्यात एकाच टेबलावर केल्याचे त्याने मान्य केले. आपला भाऊ सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातला, तेलुगू माध्यमात शिकलेला असेल, तर मराठी नोटीस त्याला कोणी आणि कोणत्या भाषेत समजावली, हाही प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

खबर लिहून ७२ तासांत वरिष्ठांना कळवण्याचे कलम ४२ सार्वजनिक जागी लागू होत नाही. तिथे कलम ४३ येते, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढण्याचे कलम ५२-अ महत्त्वाचे आहे, परंतु त्यातील कसूर एकटीच खटला पाडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे चित्रीकरण करणे आवश्यक आहे. त्याची प्रत मागा. स्टँडच्या आवारातील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याचा अर्ज याच आठवड्यात न्यायालयात द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतील व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो.