मनातलं विचारा: पुलावरच्या आजी आणि गाडीतलं टिंगटिंग

प्रश्न: ताई, मागच्या आठवड्यात सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एक आजी मटकन खाली बसल्या, चेहरा पांढराफटक. मी बघितलं, बाकीचे पण बघत होते, पण कोणीच थांबेना म्हणून मी पण गेले लोकल पकडायला. डब्यात शिरल्यावर इतकं कसंतरी झालं! मी एवढी दगड झालेय का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर: दगड वगैरे काही नाही हो, दगडाला डब्यात कसंतरी होत नाही. 1968 साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटी बसलेली 75 टक्के मुलं उठून सांगायला गेली, पण जिथे आधीच पढवून ठेवलेले दोघं शेजारी ढिम्म बसलेले तिथे 10 पैकी 1 च उठला, बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर झटकत फॉर्मच भरत राहिले!

पुलावर हेच झालं. तुम्ही लोकांची तोंडं बघितली, लोकांनी तुमचं बघितलं, आणि सगळ्यांनाच वाटलं की कोणी घाबरलेलं दिसत नाही म्हणजे विशेष काही नसेल. त्यात गर्दी जेवढी जास्त तेवढी ‘करेल कोणीतरी’ ही भावना जास्त, म्हणजे जबाबदारी शंभर जणांत वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला धड येत नाही. पुढच्या वेळी नुसतं वाका आणि विचारा, ‘आजी, काय होतंय?’ मग ‘कोणीतरी पाणी आणा’ असं हवेत ओरडू नका, एकाकडे बोट करून सांगा, ‘ओ निळा शर्ट, पाणी आणा’, आणि दुसऱ्याला 139 वर, म्हणजे रेल्वेच्या हेल्पलाइनला, फोन लावायला लावा. निळा शर्टवाल्याला मग सटकता येत नाही.

प्रश्न: निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षाच ना? – अकरावी, ऐरोली

उत्तर: नाही रे बाबा, इथेच सगळे मार्क घालवतात. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या भाषेत रीइन्फोर्समेंट म्हणजे वागणं वाढवणारी गोष्ट, आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट नाही, काढून घेणं. गाडीत पट्टा लावला की ते टिंगटिंग बंद होतं, म्हणून पुढच्या वेळी तू बसल्या बसल्या पट्टा लावतोस, म्हणजे वागणं वाढलं. शिक्षेने ते कमी होतं. आता घरातलं बघ, धाकटा मोबाइलसाठी भोकाड पसरतो, आई वैतागून देते, रडणं थांबतं. धाकट्याला मोबाइल मिळाला, ते पॉझिटिव्ह. आईच्या कानाची कटकट गेली, ते निगेटिव्ह, आणि उद्या परत दोघंही हेच करणार. पेपरात हे लिही, फक्त आईला दाखवू नकोस.