वाचकांचे प्रश्न : समतोल आहे, पण सापडत नाही

प्रश्न : वाय-फायच्या प्रोजेक्टमध्ये गेम थिअरी वापरून मी दोन प्रोटोकॉल थरांना (नेटवर्कचं काम वाटून घेणाऱ्या पातळ्यांना) खेळाडू धरलंय. फिजिकल थर वेग निवडतो (५४ किंवा ६ एमबीपीएस), मॅक थर (चॅनल वापरायचे नियम सांभाळणारा) एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, जास्तीत जास्त किती वेळा पाठवायची ते ठरवतो (७ किंवा २). दर फेरीत दोघंही एकमेकांच्या मागच्या चालीवर सर्वोत्तम चाल देतात. पण उत्तर स्थिरावतच नाही. नॅश समतोल (एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) नाहीच का?
– अंतिम वर्ष, कॉम्प्युटर, कर्वेनगर, पुणे

उत्तर : आहे, ठरलेल्या चालींचे (नाणं उडवून चाल निवडणं सोडून) एक सोडून दोन आहेत.

एकाच लॅपटॉपमधले थर प्रतिस्पर्धी नसतात. म्हणून दोघांना मोबदला एकच द्या. समजण्यापुरते गुण : ५४-७ ला ४, ६-२ ला ३, ६-७ ला २, ५४-२ ला १. या क्रमाला कारण आहे. १५०० बाइटची फ्रेम ५४ वर २२२ मायक्रोसेकंदांत जाते, ६ वर २०००. (हेडर आणि बॅकऑफ, म्हणजे पाठवण्याआधी थांबायचा वेळ, वेगळे.) ५४ वर फ्रेम जास्त खराब होतात, तरी सात प्रयत्न दीड मिलिसेकंदात उरकतात. दोनच दिले तर फ्रेम टाकून दिली जाते आणि टीसीपी (डेटा पोहोचतो का ते बघून पाठवण्याचा वेग ठरवणारा वरचा थर), गर्दी झाली समजून, विंडो, म्हणजे एकदम पाठवायचा डेटा, आखडतो. उलट ६ वर सात प्रयत्न म्हणजे एका फ्रेमपायी १४ मिलिसेकंद चॅनल अडकला.

आता ५४-२ पासून कागदावर चालवून बघा. समोर २ दिसतात म्हणून फिजिकल ६ वर उतरतो. त्याच क्षणी मॅक, समोर ५४ बघून, ७ वर जातो. झालं ६-७. पुढच्या फेरीत दोघं पुन्हा एकदमच पलटतात, की परत ५४-२. अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोघे एकाच बाजूला सरकत राहतात, तसं.

दर फेरीत एकालाच चाल द्या. असा सामाईक मोबदल्याचा खेळ पोटेन्शियल गेम (प्रत्येकाच्या चालीचा नफा-तोटा एकाच सामाईक आकड्यात दिसतो असा) असतो. चाली मोजक्या असतील तर आळीपाळीने खेळून तो थांबतोच (मोंडरर आणि शॅप्ली, १९९६). मात्र कुठे थांबेल ते पहिली चाल ठरवते : आधी मॅक हलला तर ५४-७, आधी फिजिकल हलला तर ६-२ वरच अडकाल. म्हणून सुरुवात बदलून चारही कोपऱ्यांतून चालवा.

टीसीपी जोडाल तेव्हा त्याला या फेऱ्यांत बसवू नका. तो राउंड ट्रिपच्या (डेटा जाऊन पोचपावती परत येण्याच्या) गतीने हलतो, तोवर खालचे थर अनेकदा चाल बदलून मोकळे होतात. त्याला स्टॅकेलबर्ग खेळातला पुढारी करा (पुढारी आधी चाल ठरवतो, बाकीचे ती बघून खेळतात).

खरा स्वार्थी खेळ हवा असेल तर खेळाडू म्हणून शेजारच्या फ्लॅटमधला, तुमच्याच चॅनलवरचा राउटर घ्या. तिथे मोबदले वेगळे ठेवावेच लागतील.