अपूर्णांक आले आणि मुलीने गणित सोडले

सहावीची पहिली चाचणी झाली की पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पाचवीपर्यंत गणितात बरे गुण मिळवणारे मूल अपूर्णांकांवरील क्रिया सुरू होताच एकाएकी मागे का पडते, आणि त्याला गणिताची अध्ययन अक्षमता तर नसेल ना, असा तो प्रश्न असतो. हर्णै बंदराजवळ राहणारी एक आई मुलीची वही घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील होडीवर तांडेल, आई सुकट आणि सोडे विकणारी. ती म्हणाली, “ताई, हिशेबाला ती माझ्यापेक्षा पक्की आहे. गिऱ्हाइकाचे सुटे पैसे तीच मोजून देते. मग वहीत असं का होतं? तिच्यात काही कमी आहे का, तेवढं बघून सांगा.”

ही शंका आधी तपासणे आवश्यक होते, कारण डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणिताची अध्ययन अक्षमता, ही खरी अडचण आहे आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतांत तिचा समावेश केलेला आहे. मात्र ती अपूर्णांकांच्या धड्यापाशी अचानक उगवत नाही. तिच्या खुणा पहिली-दुसरीपासून दिसू लागतात: सात मोठे की नऊ हे सांगताना अडखळणे, साध्या बेरजेलाही दरवेळी बोटांवर पहिल्यापासून मोजणे, दशक-एककाचा गोंधळ वर्षानुवर्षे तसाच राहणे, घड्याळ आणि पैसे यांचा हिशेब न जमणे. यांपैकी काही आढळले असते, तर मी तिला तज्ज्ञांकडे तपासणीसाठी पाठवले असते. या मुलीत त्यातले काहीही नव्हते. तिने पाढे न अडता म्हटले आणि चार अंकी वजाबाकी हातचे घेऊन नीट केली. प्रश्न अपूर्णांकांचाच होता, आणि त्याचे उत्तर वहीत होते.

अशा वह्या मी गुणांसाठी पाहत नाही, चुकांची जात ओळखण्यासाठी पाहते. एका पानावर १/२ + १/३ = २/५ असे उत्तर होते. दुसऱ्या पानावर २/५ + १/५ = ३/५ हे अगदी बरोबर होते आणि त्याच्या चार ओळी खाली २/५ × ३/५ = ६/५ असे लिहिले होते. भागाकारात तिने काही ठिकाणी दुसऱ्या अपूर्णांकाऐवजी पहिलाच उलटा केला होता. लाल शाईतला “निष्काळजीपणा” हा शेरा जागोजाग होता. मला तो मान्य नाही. बेरजेत छेद तोच राहतो हे ती लक्षपूर्वक शिकली होती आणि तीच शिस्त तिने गुणाकारातही पाळली होती. चार क्रियांचे चार नियम तिला पाठ होते. कोणता नियम कोठे चालतो आणि का चालतो, हे ओळखण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. पूर्ण संख्यांच्या जगात गुणाकाराने संख्या सहसा वाढते, भागाकाराने घटते आणि मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या असते. अपूर्णांकांत या तिन्ही समजुती एकदम कोसळतात, आणि मुलाला तसे स्पष्टपणे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून सुरुवातीला आम्ही एकही क्रिया केली नाही. संख्यारेषेवर शून्य, अर्धा आणि एक अशा तीन खुणा केल्या आणि प्रत्येक अपूर्णांक यांपैकी कोणाच्या जवळ आहे, एवढेच ती सांगत असे. ते जमू लागल्यावर मी तिच्यापुढे १२/१३ + ७/८ ही बेरीज ठेवली; आकडेमोड न करता १, २, १९ आणि २१ यांतून जवळचे उत्तर निवडायचे होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक असल्याने उत्तर दोनच्या आसपास येते. तिने १९ निवडले. याच प्रश्नावर १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्क्यांनीच अचूक पर्याय निवडला होता आणि निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ हे पर्याय घेतले होते. ही माहिती मी आईलाही दिली, कारण आपलेच मूल जगावेगळे आहे हे ओझे पालकांच्या मनावर असते आणि ते घरात मुलापर्यंत पोहोचते.

बेरजेसाठी कागदाची एक पट्टी पुरली. पट्टीच्या सहा समान घड्या घातल्या. अर्ध्यात तीन भाग आले, तिसऱ्या हिश्श्यात दोन आले, एकूण पाच षष्ठांश झाले. त्यानंतर तिनेच वहीतले २/५ पट्टीशी ताडून पाहिले आणि म्हणाली, “बाई, हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल?” समच्छेद करण्याची रीत तिला आधीपासूनच येत होती, वेगवेगळ्या आकाराचे भाग एकत्र मोजता येत नाहीत म्हणून ती करावी लागते, हे आता दिसले. गुणाकारासाठी चौकटींच्या वहीत पाच बाय पाचचा चौरस आखला. एका बाजूने दोन पंचमांश आणि दुसऱ्या बाजूने तीन पंचमांश रंगवल्यावर दोन्ही रंग एकावर एक आलेल्या चौकटी सहा निघाल्या. “सहा कितींपैकी?” असे विचारताच तिने पाच म्हणायला तोंड उघडले, थांबली आणि सगळ्या चौकटी पेन्सिलीने मोजल्या. पंचवीस. ६/२५ हे उत्तर तिने स्वतः लिहिले, आणि एकापेक्षा लहान असलेल्या भागाचाही भागच घेतल्यावर ६/५, म्हणजे एकाहून जास्त, उरणे शक्य नाही हे मला सांगावे लागले नाही.

खरा वेळ भागाकाराला लागला, आणि तो द्यायलाच हवा. “उलटा करा आणि गुणा” ही रीत जुनी आणि निर्दोष आहे, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) भाजकाचे अंश आणि छेद यांची अदलाबदल करून गुणण्यास सांगितले आहे. पण अर्थाआधी रीत आली की कोणाला उलटे करायचे याची आठवणच तेवढी उरते, आणि परीक्षेच्या वेळी नेमकी तीच दगा देते. मी तिला आईच्या धंद्यातला प्रश्न विचारला: पावणेदोन किलो सोड्यांच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या किती होतील? ती लगेच म्हणाली, “तीन पिशव्या आणि पाव किलो उरेल.” मग हेच १ ३/४ ÷ १/२ असे लिहिल्यावर तिने उत्तर ३ १/४ मांडले. ही चूक फार मोलाची आहे. उरलेला माल पाव किलो आहे हे खरे, परंतु आपण पिशव्या मोजत आहोत, आणि पाव किलोने अर्ध्या किलोची पिशवी अर्धी भरते. म्हणून उत्तर साडेतीन. भाजक हेच मोजण्याचे माप असते, हे या एका उदाहरणात जेवढे स्पष्ट होते तेवढे रीतीची वीस गणिते सोडवून होत नाही.

त्यानंतर उलटे करण्याचे कारण शोधणे सोपे गेले. चार घड्यांची पट्टी घेऊन तिला विचारले की, पूर्ण पट्टीत तीन चतुर्थांश किती वेळा बसतात? एकदा बसतात आणि एक घडी उरते. ती घडी तीन घड्यांच्या मापाचा तिसरा हिस्सा असते. म्हणजे एक पूर्ण आणि एक तृतीयांश वेळा, अर्थात ४/३ वेळा. एका पट्टीत ४/३ वेळा, तर दोन पट्ट्यांत त्याच्या दुप्पट आणि अर्ध्या पट्टीत त्याच्या निम्मे. ३/४ ने भागणे आणि ४/३ ने गुणणे एकच का, ते तिच्या हातातच होते, आणि उलटा होतो तो भाजकच, याबद्दल तिला पुन्हा शंका आली नाही.

घरातल्या आजोबांचे म्हणणे होते की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी (पाव, अर्धा, पाऊण आणि सव्वा यांचे पाढे) पाठ करून घेतली असती तर ही वेळच आली नसती. त्यात थोडे तथ्य आहे. हे पाढे म्हणजे अपूर्णांकांचा गुणाकारच असून ज्यांना ते येतात त्यांचा अंदाज चटकन बरोबर येतो. पण १/२ + १/३ चा छेद सहा का, हे पाउणकीतून कळत नाही.

आईला मी घरी एकच काम दिले. गणित सोडवण्यापूर्वी मुलीला विचारायचे की, उत्तर एकापेक्षा मोठे येईल की लहान. गुण किती पडले हे काही दिवस विचारायचे नाही. “मी चौथीपर्यंतच शिकले, मला यातलं काय कळणार?” ही तिची अडचण होती, परंतु या प्रश्नासाठी उत्तर स्वतःला येण्याची गरज नसते. मुलीने आधी काय सांगितले आणि शेवटी काय आले, हे जुळते की नाही एवढेच पाहायचे असते. पूर्वी ती चुकीच्या भीतीने उत्तर लिहून लगेच खोडत असे. आता ती अंदाज समासात लिहिते आणि पुढे जाते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ३ १/४ − १ २/३ यासारख्या वजाबाकीत ती तीनमधून एक उसना घेते आणि पूर्ण संख्यांच्या सवयीने त्याचे दहा करते, म्हणून १ ७/१२ ऐवजी १ ५/१२ उत्तर येते. उसना घेतलेला एक म्हणजे येथे बारा द्वादशांश, हे पट्टीवर पाहण्याचे काम सध्या सुरू आहे. शिकवणी बदलावी का, असे आईने मध्यंतरी विचारले होते. मी तिला सांगितले की आधी शिकवणीच्या बाईंना भेटा, मुलीची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि हे दहाचे उसने कोठून येते ते दाखवा. त्यांनी त्यावर चार गणिते वेगळी बसून घेतली, तर बदलण्याचे कारण नाही.